सेफ्टी फास्ट! ॲबिंग्डनमध्ये एका म्हाताऱ्या एमजीचे ब्रेक

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हेक्टर! सोसायटीच्या पार्किंगमधली, भलामोठा टचस्क्रीन मिरवणारी. पण एमजीचा फुल फॉर्म विचारून बघा, भल्याभल्यांची विकेट पडते. मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसची गाड्या विकणारी आणि दुरुस्त करणारी गॅरेजेस, त्यांची ही इनिशिअल्स. आज हा ब्रॅण्ड चिनी कंपनीकडे आहे आणि आपल्याकडच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. पण १९२९ ते १९८० अशी तब्बल ५१ वर्षं एमजीचं घर एकच होतं. ॲबिंग्डन. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, थेम्सच्या काठावरचं टुमदार गाव.

टुमदार म्हणजे अगदी बिस्किटांच्या डब्यावर छापावं तसं. जुना दगडी पूल, नदीत बदकं, चौकात सतराव्या शतकातला काउण्टी हॉल. या हॉलची गंमत ऐका. राजघराण्यात काही आनंदाचं घडलं की गावचे प्रतिष्ठित लोक गच्चीवर चढतात आणि खालच्या गर्दीवर चक्क बनपाव फेकतात. आपल्या गोपाळकाल्यासारखाच प्रकार, फक्त इथे लोक खाली आणि खाऊ वर. त्याच इमारतीतल्या म्युझियममध्ये एक एमजीबी उभी आहे, कारखान्याच्या शेवटच्या दिवसांतली. गावातले लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ना, ती गिरणगावातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. १९७९च्या सप्टेंबरमध्ये इथे कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला, मिरवणुका निघाल्या, आणि लगोलग मालक कंपनीने कारखाना बंद करायची घोषणा केली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गेटला टाळं.

आता हे सगळं बघायला म्हणून मी गेले नव्हते. माझा कॉलेजमधला एक मित्र तिकडे आयटीत आहे. मूळचा ठाण्याचा. जवळच डिडकॉटला राहतो. पठ्ठ्याने १९७२ची एमजीबी घेतलीय. दोन दरवाजे, लांबलचक नाक, तारांची चाकं. म्हणजे एकदम कूल! जुलैमध्ये त्याचे आई-बाबा येणार होते आणि बाबांना शेजारी बसवून कॉट्सवोल्ड्समध्ये फिरवायचं, हा त्याचा प्लॅन. बाबा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. त्यांच्यापुढे गाडीची नाचक्की होऊन चालणार नव्हतं.

आणि नेमकी गाडी नखरे करायला लागली. ब्रेक दाबला की ती उजवीकडे ओढायची. ब्रेक सोडला की डावीकडे. ‘अगं, स्टेअरिंग गेलंय बहुतेक,’ मला स्टेशनवरून घरी नेताना तो म्हणाला. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं असलेला, जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता, समोरून येणारा ट्रॅक्टर आणि स्टेअरिंगशी झोंबणारा ड्रायव्हर... माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून दाबून दुखायला लागला होता.

टेन्शन नुसतं तेवढंच नव्हतं. एक म्हणजे, त्या काळात ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या एमजीबींना ब्रेकचं एकच सर्किट असायचं. आजच्या गाड्यांत दोन वेगवेगळी सर्किट्स असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. इथे एक होज पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. उरला हॅण्डब्रेक, तोही केबलवरचा, फक्त मागच्या दोन चाकांना. (अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबींना तिथल्या कायद्यामुळे १९६८च्या मॉडेलपासूनच दुहेरी सर्किट मिळालं. घरच्यांना मात्र उशिरा. असो.) दुसरं म्हणजे, मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी माफ आहे. ऐकायला मस्त. पण अर्थ काय? गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची कायदेशीर जबाबदारी पूर्ण तुमची, आणि वर्षातून एकदा खाली वाकून बघणारा तिसरा माणूस गायब. मला विचाराल तर ही सवलत म्हणजे गिफ्ट रॅपमधला धोका आहे. हवी असेल तर एमओटी स्वतःहून करून घेता येते, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याने ती करावीच.

मित्राने तोवर टाय रॉड एण्ड विकत घेऊन ठेवले होते, अख्खी स्टेअरिंग रॅक मागवायच्या बेतात होता. शेवटी आम्ही गेलो ॲबिंग्डनबाहेरच्या एका जुन्या कोठारातल्या गॅरेजमध्ये. मेकॅनिक साठीतला, मोजकं बोलणारा. पोरवयात याच कारखान्यात उमेदवारी करायला लागलेला, आणि थोड्याच दिवसांत कारखानाच बंद झालेला. त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. ओढ नेमकी कधी लागते, दाबताना की सोडल्यावर? दोन्ही वेळेला एकाच बाजूला की वेगवेगळ्या? थांबल्यावर कुठलं चाक तापलेलं असतं? मग प्रत्येक चाकाजवळ तळहात नेला, न टेकवता. पुढचं डावं चाक तव्यासारखं.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टॅण्ड लावले. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे तो दोनदा बोलला. बोललेलं तेवढंच दोनदा.) मित्राने ब्रेक दाबला, सोडला. उजवं चाक मोकळं फिरलं. डावं जाम. मग त्याने डाव्या कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल जरासा सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली, आणि चाक सुटलं!

इथे थोडा वर्ग घेते, कारण खरी मजा यातच आहे. निपल उघडल्यावर चाक सुटलं याचा अर्थ कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला नाही. तसा असता तर प्रेशर गेल्यावरही पॅड डिस्कला चिकटूनच राहिले असते. म्हणजे आत प्रेशर कोंडलं होतं. ते परत का जात नव्हतं? मास्टर सिलिंडर बिघडला असता तर एकच चाक कशाला अडकेल? मग त्याने पुन्हा ब्रेक दाबायला लावला, आणि या वेळी निपल न उघडता होजच्या अलीकडचा लोखंडी पाइपचा जोड सैल केला. चाक जामच. चोर सापडला. मधला रबरी होज. बाहेरून काळाभोर, ठणठणीत. आतून रबर सुजून भोक इतकं बारीक झालेलं की पायाच्या जोराने ऑइल हळूहळू पुढे जायचं, पण पाय काढल्यावर परत यायचं नाही. म्हणून ब्रेक दाबताना डावं चाक उशिरा पकडायचं आणि गाडी उजवीकडे जायची. सोडल्यावर डावं अडकून राहायचं आणि गाडी डावीकडे. स्टेअरिंग बिचारं निर्दोष.

मित्राने तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पलीकडून एकच प्रश्न टाकला, ‘एकच होज बदलतोयस की दोन्ही?’ मेकॅनिकने न विचारताच तीन होज काढून ठेवले होते. पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलला जाणारा एक. एकाच वयाचं रबर एकाच सुमारास मरतं. भाषा वेगळी, खंड वेगळा, पण वर्कशॉपचा फण्डा सेम!

काकांना ही गाडी परकी नव्हतीच म्हणा. आपली ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ॲबिंग्डनपासून जवळच्याच काउलीची. तिचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच खानदानातलं. पाने इंचातले, हेही ओळखीचं. काका हसून म्हणाले, ‘अरे, आयुष्यभर सात-सोळाचा पाना शोधण्यात गेलं माझं.’

पुढचं काम साधं, पण घाई चालत नाही. नवे होज, नवं ब्रेक ऑइल. याला आपण ऑइल म्हणत असलो तरी हे तेल नव्हे. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेलं ऑइल उतारावर सतत ब्रेक मारून तापलं की उकळतं. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही, पॅडल सरळ खाली. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी बदलायचंच. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंगाचे पोपडे हातात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून जे चाक लांब ते आधी. तरीही पॅडल खोल जात असेल, पण भराभर दोनदा मारल्यावर वर येत असेल तर मागच्या ड्रममधले लायनर ॲडजस्ट करायचे. एमजीबीत त्यासाठी ड्रमच्या मागे छोटा चौकोनी ॲडजस्टर असतो, चुकीच्या पान्याने त्याच्या कडा हमखास झिजतात. पाय दाबून धरला असताना पॅडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरच्या सीलवर संशय घ्या. पॅडल स्पंजासारखं लागलं तर, काकांच्या भाषेत, ‘हवा धरलीय’. आणि ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपने फुर्रकन उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. फडकं ओलं करून पुसायचं.

स्टेअरिंगही तपासलंच, गाडी उचललेलीच होती. चाक वर-खाली पकडून हलवलं. किंचित ठक् असा आवाज. मित्राने ब्रेक दाबून धरला, तरी ठक्. म्हणजे बेअरिंग नाही. बेअरिंगचा प्ले असता तर ब्रेक दाबल्यावर तो गायब झाला असता. हा किंगपिनचा. फार नव्हता, चालण्यासारखा. डावी-उजवीकडे धरून हलवलं, टाय रॉड एण्ड घट्ट. मग ग्रीस गनने दोन्ही बाजूंच्या निपलमध्ये ग्रीस मारलं, घाण काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत. चाकं हवेत असतानाच ग्रीस नीट आत जातं. नंतर स्टेअरिंग इतकं हलकं झालं की पॉवर स्टेअरिंग बसवल्यासारखं वाटावं. शेवटी कधी ग्रीस केलं होतं, असं विचारल्यावर मित्राने पाइप बघायचं नाटक केलं.

हा नियम मात्र सरसकट लावू नका. कॉव्हेण्ट्रीच्या ट्रायम्फ स्पिटफायरला तिथे ट्रनियन असतो, आणि त्याला ग्रीस नाही, जाड गिअर ऑइल लागतं. कोरडा राहिला, गंजला, तर तुटतो आणि चाक चालत्या गाडीखाली दुमडतं. मद्रासला बनणाऱ्या स्टॅण्डर्ड हेराल्डचीही हीच व्यवस्था, तेव्हा कुणाच्या आजोबांची हेराल्ड शेडमध्ये असेल तर हा पॅरा कापून ठेवा. आणि आता आपल्या टाटांच्या घरात असलेल्या जग्वारची ई-टाइप? तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून आत, डिफरन्शियलला चिकटून बसवलेले. दिसायला देखणी बया, पण मागची डिस्क बदलायची तर अख्खी मागची असेंब्ली खाली उतरवावी लागते.

टेस्ट ड्राइव्ह आधी सपाट रस्त्यावर, हळू. मग ऑक्सफर्डच्या वाटेवरच्या बोर्स हिलच्या उतारावर. मित्राने क्षणभर स्टेअरिंगवरची पकड सैल केली आणि ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात नेला. सारखीच कोमट.

एमजीचं जुनं घोषवाक्य होतं ‘सेफ्टी फास्ट!’ आणि जिने ते मिरवलं त्या कंपनीचा शिल्पकार, सेसिल किंबर, त्याचा शेवट मात्र चुटपुट लावणारा. १९४१ला त्याला कंपनीबाहेर काढलं. ४ फेब्रुवारी १९४५ला तो लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेनने निघाला. स्टेशनाबाहेरच्या बोगद्यातल्या चढावर इंजिनाची चाकं घसरली, गाडी अंधारात उलटी मागे आली आणि शेवटचा डबा रुळावरून उतरला. दोन प्रवासी गेले, त्यात किंबर. ॲबिंग्डनला एमजी कार क्लबचं ऑफिस आहे, त्याचं नाव किंबर हाऊस.

कसं जाल? लंडनच्या पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड, ट्रेनने साधारण तास. पुढे बस. ॲबिंग्डनला स्वतःचं रेल्वे स्टेशन आता नाही. कारखान्याच्या जागी ऑफिसं आणि घरं उभी राहिलीत, त्यामुळे तिथे भव्य काही बघायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. म्युझियम, पूल आणि एखादा पब पुरेसा. ओल्ड स्पेकल्ड हेन ही बीअर मूळची इथलीच, १९७९ला कारखान्याच्या पन्नाशीसाठी काढलेली आणि कारखान्यातल्या रंगाचे शिंतोडे उडालेल्या एका जुन्या एमजीवरून नाव पडलेली. हल्ली ती इथे बनत नाही. जुनी एमजी एका दिवसासाठी भाड्यानेही मिळते. चावी हातात घेण्याआधी पॅडल अर्धा मिनिट दाबून धरा, खाली बसतंय का बघा. हॅण्डब्रेक चढावर ओढून बघा. आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर बस पकडा.