कानात सांगायचं नाव

परवा भाचीचं बारसं. आत्या मी, तेव्हा कानात नाव मीच सांगायचं. मुक्ता. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती; मूळ धातू ‘मुच्’, सुटणं. मोती आणि मोकळी, दोन्ही एकाच शब्दात! आठवते ती ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण, दार लावून बसलेल्या दादाला ताटी उघडायला विनवणारी. चांगदेवांनी तिला गुरू मानलं. आणि १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे, फुले दांपत्याची विद्यार्थिनी. शाळकरी पोर ती! तिचा निबंध वाचताना आजही माझा गळा दाटून येतो. वहिनीला नाव जरा जुनं वाटत होतं. काल पाळण्यापाशी वाकून तिनंच हळूच हाक मारून पाहिली. दोनदा.