बारदान वजा जाता

भुसार बाजारातला एक शब्द मला फार आवडतो : बारदान. धान्याबरोबर पोतेही काट्यावर चढते. मग एकूण वजनातून पोत्याचे वजन वजा करायचे, नि उरेल त्याचे पैसे मोजायचे. रिकाम्या पोत्याला कोणी भाव देत नाही. पण पोत्यावाचून ज्वारी घरी न्या म्हटले, तर पेठेपासून घरापर्यंत चिमण्यांचीच दिवाळी व्हायची!

माझा भाचा टेलिफोनच्या कामात आहे. परवा सुट्टीत तो खात्याच्या परीक्षेचा अभ्यास घेऊन आमच्याकडे आला होता. एका संध्याकाळी म्हणाला, "मामा, १५५.५२ ला २.०४८ ने भागा." मी भागाकार केला. पंचाहत्तर आले, वर थोडे उरले. "बरोबर. पण प्रत्यक्षात बसतात त्रेसष्टच. मग बाकीचे बारा गेले कुठे?"

आम्हां मास्तरांना असा प्रश्न म्हणजे फराळाचे ताटच. मी त्याला मुळापासून सांगायला लावले. आपण टेलिफोनवर बोलतो तो आवाज यंत्र सेकंदाला ८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिते. आठ हजार आठे चौसष्ट हजार : हे एका माणसाच्या बोलण्याचे सेकंदाचे वजन. मग तो भांडत असो की नुसता गप्प बसलेला असो! अशी तीस माणसे एका तारेवर बसवतात. पण घरे असतात बत्तीस. एक घर मांडणीची खूण ठेवायला, आणि एक, कोणी फोन उचलला, कोणी ठेवला, हे निरोप न्यायला. बत्तीस घरांचे मिळून सेकंदाला २०,४८,००० बिट. हे झाले जुने पोते, ई-१. काचेच्या तंतूतून प्रकाशावर बसून जाते ती पेटी कितीतरी मोठी : एसटीएम-१, सेकंदाला १५ कोटी ५५ लाख २० हजार बिट. या पेटीत ती पोती किती, हा भाच्याचा सवाल.

दोन मापे भेटतात तिथे हिशेब सरळ उतरतच नाही. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा एका आण्याचे सहा पैसे, दोहोंचे बारा, पण तिहींचे एकोणीस, असे कोष्टक होते. एकेक आणा तीनदा देणाऱ्याचे अठरा, नि एकदम तीन आणे देणाऱ्याचे एकोणीस! तो एक पैसा कोणाचा, यावर आमचे आजोबा म्हातारपणीही तावातावाने बोलत.

पेटीतल्या हिशेबाला मात्र कारण आहे. कोणत्याही दोन टेलिफोन केंद्रांची घड्याळे तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक, पुढे किंवा मागे, नियमानेच मान्य आहे. ई-१च्या चालीत तो सेकंदाला सुमारे १०२ बिटांचा होतो. म्हणजे पोते कधी शिगोशीग येणार, कधी किंचित ऊन. म्हणून प्रत्येकाभोवती थोडी सैल जागा सोडायची. शिवाय वाटेत काही सांडले का, ते पाहण्याची खूण प्रत्येकावर, आणि पेटीचे स्वतःचे लाकूड वेगळे. त्रेसष्ट पोत्यांत माणसे १,८९०. त्यांच्या नुसत्या आवाजाचे वजन काढले, तर ते पेटीच्या नेमके सात-नवमांश भरते. नवांत दोन बारदान!

अमेरिकेत १९६२ पासून चोवीस घरांचे पोते रूढ झाले. त्याचे नाव टी-१. १९८८ साली पेटीचे आंतरराष्ट्रीय माप ठरले, तेव्हा आपली तीन पोती मावतात त्या जागेत त्यांची चार मावावीत, अशी योजना झाली. म्हणजे पेटीत आपली ६३, नाहीतर त्यांची ८४. त्रेसष्ट गुणिले बत्तीस, चौऱ्याऐंशी गुणिले चोवीस : करून पाहा. दोन्हीकडे २,०१६ घरे. पाटीवर हे उत्तर जुळले तेव्हा मी भाच्याला आणखी एक चकली वाढली.

मला हे सारे इतके भावले, त्याला कारण आमची शाळा. मागे एका अधिकाऱ्याने आमच्याकडून शिकवण्याच्या निव्वळ मिनिटांचा हिशेब मागवला. हजेरीची दहा मिनिटे त्याच्या डोळ्यांत सलत होती. मोबाइलवर ती एका मिनिटात होते म्हणे. होते खरी. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नुसत्या 'हजर'वरून त्या दिवशी तिच्या घरचे हवामान मला कळते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो आवाज सलग तीन दिवस पडलेला लागला, म्हणून मी तिच्या घरी गेलो. ऊसतोडीला जाताना तिलाही न्यायचे ठरले होते. दोन तास ओट्यावर बसून बोललो, तेव्हा ती आजीपाशी राहिली. यंदा ती सातवीत आहे. ही दहा मिनिटे कोणत्या रकान्यात लिहायची? मी लिहिले : "बारदान." त्या कागदाला अद्याप उत्तर आलेले नाही.

भाचा सांगतो, या पेट्याही आता मोडीत निघू लागल्या आहेत. नवी व्यवस्था आवाजाची लहान लहान पाकिटे करते. पण पाकिटावर पत्ता लिहावाच लागतो, म्हणजे बारदान आलेच! जुन्या पेटीच्या बारदानात मात्र चौसष्ट हजारांचे एक घर खास दुरुस्तीवाल्यांसाठी राखलेले आहे. त्याचे बिल कोणाला येत नाही. रात्री-अपरात्री काम निघाले, की दोन टोकांचे दोघे त्या घरातून बोलू शकतात. एक म्हणतो, "दिसतंय का तुझ्याकडं?" दुसरा म्हणतो, "दिसतंय. तू जेवलास का?"