वेशभूषा घरच्या गाठोड्यातून

पावसाळा ओसरला की मुलांच्या डायरीत शाळेच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद जयंती, म्हणजे राष्ट्रीय शिक्षण दिन. पाठोपाठ बालदिन, डिसेंबरात स्नेहसंमेलन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती आणि मग २६ जानेवारी. चिठ्ठीच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : 'पाल्यास वेशभूषा करून पाठवावे.' लिहिणाऱ्याला ती ओळ लिहायला क्षणही लागत नाही. वाचणाऱ्या घरात मात्र तिच्यावरून रात्रभर हिशेब चालतो.

आम्ही चौघी सोलापुरातील एका उर्दू प्राथमिक शाळेत शिकवतो. सोलापूर हे हातमाग, यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल यांचे शहर. अलीकडे शाळेच्या गणवेशांचेही. आमच्या मुलांच्या घरी कुणाचे अब्बू कारखान्यात कटिंग करतात, कुणाची अम्मी घरी बसून शर्टांना काज-बटण करते, कुणी रिक्षा चालवते, कुणी विड्या वळते. पोराच्या हौसेला 'नाही' म्हणणे या आयांना जड जाते, पण 'हो' म्हणणे त्याहून जड.

'वेशभूषा' म्हटले की बहुतेकांचे पाय ड्रेपरीच्या दुकानाकडे वळतात. तिथे नेहरू, सैनिक, मावळा, परी, पोपट सगळे टांगलेले असते. एका दिवसाचे भाडे तीनशे-चारशे रुपये, अनामत वेगळी. कपडा मोठा असेल तर पाठीमागे टाचण्या लावून देतात. त्याला मागच्या मुलाच्या घामाचा वास असतो, आणि डाग पडला तर अनामतीतून पैसे कापले जातात. म्हणून आई दिवसभर पोराच्या मागे : 'बसू नकोस, खाऊ नकोस, हात लावू नकोस.' काज-बटण करणाऱ्या बाईची ती दोन-तीन दिवसांची मजुरी असते. आणि मूल स्टेजवर जाऊन मान खाली घालून उभे राहते, कारण आपण कोण झालो आहोत हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

एका वर्षी ३ जानेवारीला चौथीतील एक मुलगी आलीच नाही. एरवी एक दिवस न चुकवणारी, पाढे सर्वांत आधी पाठ करणारी पोर. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, ताप होता. तिच्याच बाकावरची मैत्रीण पटकन म्हणाली, "नहीं आपा, उसके पास ड्रेस नहीं था." मुलीने वहीत तोंड घातले. आम्ही तो विषय तिथेच थांबवला, पण सुट्टीत हजेरीपट काढून पाहिला. वेशभूषेच्या प्रत्येक दिवशी पाच-सात मुलांसमोर गैरहजेरीची खूण होती, आणि बहुतेक वेळा तीच ती मुले. ज्या बाईंनी ज्यांना कुणी शाळेत घेत नव्हते अशा मुलींसाठी शाळा काढली, त्यांच्याच जयंतीला एक मुलगी कपड्यांसाठी घरी बसते, हे आम्हा चौघींना फार लागले.

मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही नवा नियम केला. भाड्याचा पोशाख चालणार नाही. घरात असेल त्यातून करायचे, आणि बाहेरून काही आणायचे तर पन्नास रुपयांच्या आत. दुसरी अट मुलासाठी : ज्यांचा वेश घेतला त्यांच्याविषयी चार वाक्ये स्वतःच्या तोंडाने बोलायची, उर्दूत किंवा मराठीत. गुण कपड्याला नाहीत. निम्मे बोलण्याला आणि निम्मे 'हे कसे बनवले' या प्रश्नाच्या उत्तराला.

सगळ्यांना हे आवडले असे नाही. एका पालकांनी भेटून विचारले, "आमच्याकडे दोन हजारांची शेरवानी पडून आहे. ती का घालू नये?" आम्ही म्हणालो, ईदला घाला, लग्नात घाला, मुलगा छान दिसेल, इथे मात्र शेजारी बसलेल्या मुलाकडेही पाहायचे आहे. त्यांना ते पटले नाही, आजही पटलेले नाही. पण त्यांचा मुलगा येतो, आणि गेल्या वर्षी तो स्वतः केलेली पुठ्ठ्याची पोस्टाची पेटी घालून आला होता.

गेल्या काही वर्षांत आमच्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी जे केले, त्यातले काही इथे देतो. करून पाहण्यासारखे आहे.

कलाम साहेब व्हायला पोशाख फारसा लागतच नाही. निळा शर्ट आणि पँट बहुतेक घरांत सापडते. ओळख पटते ती केसांनी. जुनी कापडी टोपी घ्यावी, राखाडी लोकरीचे वीतभर तुकडे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना टाके घालून शिवावेत, म्हणजे मधोमध भांग पडतो. बाजूचे केस कानाखालपर्यंत सोडावेत. लोकरीचा एक गुंडा पुरतो. हातात एखादे पुस्तक, तेही मुलाने खरोखर वाचलेले असावे. त्या दिवसाचे नावच वाचन प्रेरणा दिन आहे.

मौलाना आझादांसाठी ईदची शेरवानी किंवा गळाबंद कुर्ता चालतो. त्यांची उंच काळी टोपी घरी होते : डोक्याच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी गोल चिकटवायची, वरून काळे कापड ओढून आत दुमडायचे. गणवेशाच्या कारखान्यातील कातरणात असे कापड हमखास मिळते. दाढी-मिशी काजळाने रेखावी. चेहऱ्यावर डिंक लावून लोकर चिकटवू नये, कातडी लाल होते आणि मूल रडते. मुलाला एवढे सांगावे की हे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री.

आमच्या शाळेत सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या त्या हवालदार अब्दुल हमीद यांना. १९६५च्या युद्धात खेमकरण भागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवताना ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे वडील शिंपीकाम करत, आणि सैन्यात जाण्याआधी हमीद त्यांना त्या कामात मदत करत. शिवणयंत्राच्या आवाजात वाढणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात. जीप अशी करावी : किराणा दुकानातून मोठे खोके आणावे, वरची-खालची झाकणे कापून मूल आत उभे राहील एवढी जागा करावी, जुन्या नाड्यांचे दोन पट्टे लावून ते खांद्यांवर अडकवावे. चाकांना कागदी ताटल्या. तोफेसाठी कापडाच्या थानाच्या आतली पुठ्ठ्याची नळी. ही नळी कारखान्याबाहेर फुकट पडलेली असते. रंग नसेल तर चहाच्या उकळलेल्या चोथ्याचे पाणी कागदावर फिरवले तरी मातकट रंग येतो.

सोलापूरच्या मुलांनी आपल्या गावचे हुतात्मेही व्हावेत. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चौघांचे पुतळे आमची मुले येता-जाता पाहतात, पण नावे विचारली तर अडखळतात. एका वर्षी चार मित्र साध्या पांढऱ्या कपड्यांत एकमेकांचे हात धरून स्टेजवर आले. प्रत्येकाच्या छातीवर वहीच्या पानावर लिहिलेले नाव, बस्स. खर्च शून्य. मागच्या रांगेतील एक आजोबा उभे राहिले, ते पाहून सगळा हॉल उभा राहिला.

लहान वर्गांतील मुलांना माणसांपेक्षा झाडे, प्राणी, पिके जास्त आवडतात. टॉवेलच्या काठांच्या पांढऱ्या पट्ट्या जुन्या बनियनवर शिवल्या की सुंदर मेंढी होते. ज्वारीचे कणीस करायचे तर चिंध्यांच्या छोट्या गोळ्या सुताने बांधून जुन्या टोपीवर दाट शिवाव्यात, आणि हिरव्या ओढणीच्या दोन लांब पट्ट्या हातांना पानांसारख्या बांधाव्यात. दुसरीतला एक मुलगा कणीस होऊन आला आणि म्हणाला, "मी भाकरी आहे, पण अजून शेतात आहे." हे वाक्य त्याला कुणी शिकवले नव्हते.

सावित्रीबाईंसाठी आईची जुनी सुती साडी पुरते. साडी लांबीत मधोमध दुमडून अर्धी करावी, आत सलवार असू द्यावी आणि कमरेला घट्ट नाडा बांधून त्यात निऱ्या खोचाव्यात, म्हणजे चालताना सुटत नाही. कपाळावरच्या कुंकवाला काही घरांत नको म्हणतात. आम्ही आग्रह धरत नाही. आणि सावित्रीबाईंच्या शेजारी फातिमा शेख हव्यातच. साधी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात पाटी. एवढाच वेश, पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की इतिहासाचा एक धडा न बोलता सांगून होतो.

करताना काही पथ्ये पाळावीत. तोंड झाकणारे काही घालू नये, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नाही. गळ्याभोवती दोरी बांधू नये. टाचणीऐवजी टाका घालावा, आणि पिन लावलीच तर ती कपड्याच्या आतून बंद करावी. मुलाला त्या वेशात बसता, पाणी पिता आणि लघवीला जाता आले पाहिजे. आदल्या दिवशी अर्धा तास घालून पाहावे, म्हणजे कुठे टोचते ते कळते. शेवटचे पथ्य आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहितो : अंबिया आणि सहाबा-ए-किराम यांचे वेश मुलांना देऊ नयेत. त्यांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात.

नव्या नियमानंतरच्या जानेवारीत ती मुलगी, आता पाचवीत गेलेली, फातिमा शेख होऊन आली. साडी आईची, पाटी शाळेतील, आणि पदराच्या काठाला शर्टाची उरलेली पांढरी बटणे ओळीने लावलेली. बटणे कशाला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "अम्मीने रात को लगाया. बोली, टीचर को अच्छा दिखना चाहिए." मग तिने चार वाक्ये सांगितली, न अडखळता : १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाईंबरोबर फातिमा शेखही शिकवत, सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमांचा उल्लेख आहे, आणि मीही शिकवणार आहे.

कार्यक्रम संपल्यावर तिची आई दारात थांबली होती. सातवीनंतर शाळा सुटलेली बाई. तिने विचारले, "आपा, इन बाई की किताब मिलेगी?" फातिमाबींविषयी लिहून ठेवलेले फार थोडे आहे, हे आम्ही तिला सांगितले. जे होते ते दिले. आठवड्याने पुस्तक परत आले तेव्हा त्यावर वर्तमानपत्राचे नवे कव्हर घातलेले होते, आणि तिने दुसरे मागितले. चारशे रुपये भाड्याच्या पोशाखाने हे झाले नसते. भाड्याचा पोशाख संध्याकाळी दुकानात परत जातो. घरी शिवलेल्या वेशाबरोबर एक माणूस घरात येतो : त्याचे नाव, त्याचे गाव, त्याने काय केले, हे सगळे आई आणि मूल रात्री दिव्याखाली बसून विचारत असतात.

इसराफ टाळा, हे आपण लग्नांबद्दल बोलतो, जेवणावळींबद्दल बोलतो. मुलांच्या शाळेतील दिखावाही त्यातच येतो. पण नुसते 'खर्च करू नका' म्हणून मुलाचे मन राखता येत नाही, त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते. कात्री, सुई आणि आईचा तासभर वेळ दिला तर मूल चारशे रुपये मागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शाळेत आता आम्ही एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. कार्यक्रम झाला की मुले आपल्या टोप्या, केसांचे टोप, खोक्याची चाके, पट्टे त्यात टाकतात, आणि पुढच्या वेळी ज्याला हवे तो त्यातून घेतो. कुणी घेतले, कुणी दिले याची वही ठेवलेली नाही. अशी एक पेटी प्रत्येक शाळेत, मोहल्ल्यातील वाचनालयात, नाहीतर चार घरांत मिळून एक असावी. शिक्षक वाचकांना एवढीच विनंती, की पुढची चिठ्ठी लिहाल तेव्हा 'वेशभूषा करून पाठवावे' यापुढे तीन शब्द जोडा : 'घरी असेल त्यातून.' आणि त्या दिवशी संध्याकाळी हजेरीपट एकदा पाहा.