किल्ली खरी, तरी दार बंद

एकत्र कुटुंबांत किल्ली कोणाजवळ असावी, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीं कोठीची किल्ली घरांतील वडील बाईच्या कमरेस असे आणि तेवढ्यानें सर्वांचें भागे. आतां घरोघर संगणक आले असून तोच प्रश्न नवा वेष घेऊन पुढें उभा राहिला आहे.

आमच्या शिरगांवच्या घरीं दोन संगणक आहेत. माडीवरच्या यंत्रांत जमिनीच्या जुन्या कागदांच्या प्रती व आमचीं संस्कृत टिपणें आहेत. जिना चढणें आम्हांस आतां जड जातें. म्हणून ओटीवरच्या यंत्रावरूनच वरच्या यंत्रांत प्रवेश मिळावा, अशी योजना पुतण्यानें केली. तिचें साधन ‘सिक्युअर शेल’. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीस गेले, तेव्हां टाटू युलोनेन यांनीं तें १९९५ सालीं रचिलें.

येथें किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर जात नाहीं. तिनें केलेली सही मात्र पलीकडे जाते व तेथील यंत्र सार्वजनिक किल्लीनें ती पडताळतें. कोणाकोणाच्या सार्वजनिक किल्ल्या मान्य, याची यादी पलीकडेच एका कप्प्यांत असते.

सर्व यथासांग झालें, तरी यंत्र पासवर्ड मागतच राहिलें. पुतण्यानें दोनदां नवी जोडी केली, तीही व्यर्थ. नकाराचें खरें कारण नाकारणाऱ्या यंत्राच्या नोंदवहींत सांपडतें, दाराशीं उभ्या असलेल्यास तें सांगितलें जात नाहीं. तें योग्यच आहे. नाहीं तर चोरासही तें कळेल. ती नोंद वाचतांच उलगडा झाला. सर्वांस छायाचित्रें ठेवतां यावींत म्हणून मुलांनीं आमच्या खात्याचा मुख्य कप्पा सर्वांस लिहिण्यास मोकळा केला होता. जो तेथें लिहूं शकेल तो यादीही बदलूं शकेल. आणि अशा यादीवर यंत्र विसंबत नाहीं.

उपाय सोपा होता. मुख्य कप्प्यास ७५५, किल्ल्यांच्या कप्प्यास ७०० आणि यादीस ६०० असे अधिकार दिले. यांतील पहिला आंकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व आंत शिरण्याचा १, अशी ती बेरीज. छायाचित्रांस निराळा कप्पा दिला आणि दार तत्काळ उघडलें.

तेव्हां आमचे धाकटे बंधु जरा दुखावून म्हणाले, “अण्णा, आपल्याच माणसांपासून कुलूप कशाला?” प्रश्न प्रेमाचा होता, म्हणून त्याचें उत्तर देणें अवश्य वाटलें. गांवच्या समुद्रकांठचा किल्ला १७३९ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. अशा किल्ल्याचा दरवाजा कितीही भक्कम असो, तट ढासळला असेल तर त्या दरवाजाचा उपयोग काय? मोकळ्या कप्प्यांतून आपलीं माणसें शिरतात, तसाच परकाही शिरतो.

शिवाय या व्यवस्थेंत कोणासही वगळावें लागत नाहीं. प्रत्येकानें आपली स्वतंत्र जोडी करावी आणि सर्वांच्या सार्वजनिक किल्ल्या यादींत घालाव्या. उद्यां कोणाचें यंत्र हरवलें, तर त्याची एक ओळ खोडली कीं झालें. एकच पासवर्ड सर्वांत फिरत असता, तर सर्वांसच तो नव्यानें पाठ करावा लागता. बंधूंनींही आतां आपली जोडी केली आहे. घर एक असावें, पण ज्याची त्याची किल्ली निराळी असावी. यांत अविश्वास नाहीं, जबाबदारीची वांटणी आहे.