आमच्या सेक्टरातले मैदान

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत असे त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणून नागपूर-वऱ्हाडकडची आमच्यासारखी पुष्कळ मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इकडे आली आणि टाउनशिपच्या रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यांत कायमची रुजली. घर कारखान्याचे असल्यामुळे ते आपले म्हणता येत नसे. परंतु समोरचे मैदान मात्र, कागदोपत्री कोणाचेही असो, आम्ही निःशंकपणे आपलेच मानले.

त्या मैदानावर सर्वांची एकवाक्यता कधीच नव्हती. पहाटे फिरणारे वृद्ध कडेकडेची पायवाट धरीत आणि चेंडू अंगावर येतो म्हणून कुरकुरत; मुलांनी विटांवर विटा रचून यष्टी उभी केलेली असे आणि फलंदाजाची रेघ कोळशाच्या तुकड्याने आखलेली असे; नवरात्रात दुर्गापूजेचा मंडप पडला की खेळपट्टीत बांबूंचे खड्डे होत, आणि ते बुजवायचे कोणी यावरून पुढे कित्येक दिवस रुसवे-फुगवे चालत. वेळा ठरवून घ्याव्यात, असे मी वारंवार सुचवीत असे. त्याला सगळे मान डोलावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच गलबला सुरू होई.

मग एके दिवशी, मैदानाचा रस्त्याकडचा तुकडा व्यापारी संकुलासाठी इजाऱ्याने दिला जाणार, अशी वार्ता पसरली. त्याच सुमारास मैत्रीबागही, म्हणजे १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेले भिलाईचे प्राणिसंग्रहालय, खासगी हाती जाणार अशी चर्चा गावात होतीच, त्यामुळे वार्तेवर विश्वास बसायला वेळ लागला नाही. संबंधित कार्यालयात चौकशी केली असता नकाशा दाखवण्यास नकार मिळाला आणि 'अद्याप निर्णय नाही' एवढेच तोंडी उत्तर हाती आले.

त्या सायंकाळी आम्ही कडुनिंबाखाली जमलो. काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, की संकुल झाले तर निदान क्रिकेटचा त्रास तरी संपेल. हे ऐकताच मुलांपैकी एक छत्तीसगढीत म्हणाला, "कका, हमन कहाँ जाबो?" आम्ही कुठे जावे, या प्रश्नावर क्षणभर कोणालाच बोलता येईना. मग मैदान वाचवण्यासाठी अर्ज करायचे ठरले आणि त्याच मुलाला त्यावर पहिली सही करायला बसवले. पूजा मंडळाच्या माणसाने मजकूर वाचून दाखवला. आणि ज्यांनी आयुष्यभर चेंडूविरुद्ध तक्रार केली त्या आजोबांनी, "सकाळी सातपर्यंत आमचे, पुढे तुमचे," असे स्वतः होऊन सांगितले.

ही जमीन मुळात मोकळी पडलेली नव्हती. या परिसरातल्या मौज्यांतील शेतकऱ्यांच्या भातखाचरांचे सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादन झाले आणि त्यांच्याच बांधांवर कारखान्यासह ही नगरी उभी राहिली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले, तेव्हा त्या त्यागाला एक अर्थ होता. सार्वजनिक कारणासाठी रयतेकडून घेतलेली जमीन साठ-सत्तर वर्षांनी खासगी नफ्यासाठी देणे मला अन्याय्य वाटते, आणि हे मत मी अर्जात स्पष्ट शब्दांत लिहिले.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सकडे पाहिले म्हणजे मोकळ्या जागेविषयी किती निगुतीने जागे राहावे लागते ते कळते. तेथील २११ एकरांच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली. घोडेस्वारी, शर्यती, सकाळचे फिरणे आणि सर्वांसाठी उद्यान, असे हक्कदार अनेक. अखेर २०२४ मध्ये १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबाकडे, असा तोडगा निघाला. तोडग्याविषयी मतभेद असोत, पण वाद चव्हाट्यावर झाला म्हणूनच नागरिकांना आपले म्हणणे मांडता आले. आमच्याकडे निदान नकाशा तरी चव्हाट्यावर यायला हवा.

आमचा अर्ज दाखल झाला असून पोचपावती माझ्याकडे आहे. भिलाईत किंवा अन्यत्र, ज्यांच्या दारासमोर असे मैदान आहे त्यांनी आपल्या जागेची मालकी, नोंदी आणि मंजूर नकाशा आजच मागून घ्यावेत, आणि खेळणाऱ्या, फिरणाऱ्या, पूजा करणाऱ्या सर्वांच्या सह्या एकाच कागदावर घ्याव्यात, ही विनंती.