पडद्याची उंची

पडदा आडवा असावा की उभा, हे ठरवताना वाचणाऱ्याचा विचार फार क्वचित झाला आहे, आणि त्याचे परिणाम पानाची मांडणी करणाऱ्यांना रोज निस्तरावे लागतात. दूरचित्रवाणीने रुंदी आणि उंचीचे 4:3 हे गुणोत्तर चित्रपटाच्या फिल्मकडून घेतले आणि संगणकानेही बहुतांशी तेच उचलले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 मध्ये तयार झालेला ‘आल्टो’ हा संगणक मात्र वेगळा होता; त्याचा पडदा 606 बिंदू रुंद आणि 808 बिंदू उंच, म्हणजे छापील पानासारखा उभा होता. ही दृष्टी मागे पडली, याची हळहळ वाटते.

2008च्या सुमारास लॅपटॉपचे पडदे 16:9कडे वळले, ते बरेचसे कारखान्याच्या सोयीसाठी. कारण दूरचित्रवाणीचे आणि लॅपटॉपचे पडदे एकाच प्रमाणात कापले, की मोठी काच कमी वाया जाते. पडद्याचे माप कर्णावर, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील अंतरावर, सांगितले जात असल्याने ग्राहकाला उंचीतली घट उमगत नाही: 14 इंची पडद्याची उंची 4:3मध्ये 8.4 इंच असते, ती 16:9मध्ये 6.9 इंचांवर येते आणि क्षेत्रफळही सुमारे एक दशांशाने घटते.

देवनागरीला ही घट अधिक जाचते. ‘कर्तृत्व’ या शब्दातल्या एकाच अक्षराला वर रफार आणि खाली ऋकार असतो, त्यामुळे दोन ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. ते आवळून आणखी दोन ओळी बसवण्याचा मोह झाला, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडतो आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. 2014च्या ‘सरफेस प्रो 3’ या टॅबलेटने 3:2 हे गुणोत्तर स्वीकारले आणि पुढे अनेक लॅपटॉप 16:10कडे वळले, ही म्हणूनच मराठी मजकुरासाठी खरोखर चांगली गोष्ट झाली.

मोबाइलचे दुखणे उलटे आहे. 2017मध्ये ‘गॅलेक्सी एस 8’ने 18.5:9 इतका लांबट पडदा आणला आणि ओळी भरपूर मिळाल्या, पण रुंदी तळहाताच्या पकडीने बांधलेलीच राहिली. ‘विद्यापीठांमधल्या’सारखा प्रत्यय लागून लांबलेला शब्द अशा अरुंद ओळीत मावला नाही, की तो सबंध खाली उतरतो; दोन्ही कडा जुळवण्याचा हट्ट धरला, तर उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडे पडतात, म्हणून तेथे उजवी कड मोकळी सोडणेच योग्य ठरते.