सोंगाड्याचं लेखन

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. चैत्र लागला की या दोन तालुक्यांतल्या गावांना यात्रांचे वेध लागतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला तिकडे निघतात. बोलणी सुरू झाली की एक प्रश्न निघतोच : सोंगाड्या कोण आहे? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वर्षभर राबलेलं गाव एका रात्रीसाठी कुणावर भरवसा टाकतं, ते त्यातून कळतं.

गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, तेव्हा शेजारी पेंद्या होऊन उभा असतो तो सोंगाड्या. मग बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, आणि मग वग. वगात राजा सिंहासनावर बसतो, पण तंबू असतो शिपाई झालेल्या सोंगाड्याच्या ताब्यात. राजाला उलट विचारायची मुभा त्या दरबारात त्याला एकट्यालाच.

त्याची तयारी मी जवळून पाहिली आहे. सूर्य कलला की तो गावात फेरी मारतो. चहाच्या टपरीवर बसतो, पारावर टेकतो, फार बोलत नाही. कुणाची बोअर आटली, कुणाचं पॅनेल पडलं, सगळं कान देऊन ऐकतो. रात्री बाराच्या पुढे राजा विचारतो, राज्याची हालहवाल काय? शिपाई हात जोडतो. ‘समदं झकास हाय, म्हाराज. फकस्त लाईट आन् बिबट्या, दोघांची पाळी रातचीच लावलीया.’ ढोलकीवर थाप पडते आणि अख्खा तंबू उसळतो. रात्री तीन फेजची वीज आल्यावर बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारी माणसं समोर बसलेली असतात. त्यांची भीती त्याने त्यांच्या देखत उचललेली असते. हसता हसता माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले होते.

ते वाक्य कुठल्याही वहीत नव्हतं. ते त्याच गावात, त्याच संध्याकाळी जमलं होतं. म्हणूनच सोंगाड्याला मी नट म्हणतो, विनोदवीर म्हणतो आणि तितक्याच ठामपणे लेखकही म्हणतो.

वगाला लिहिणारा हात असतोच. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या बी. के. मोमीन कवठेकरांनी कितीतरी फडांना गाणी आणि वगनाट्यं लिहून दिली. राज्य शासनाने त्यांना 2018 सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. 2021 मध्ये ते गेले. एका खेड्यात राहून आयुष्यभर तमाशासाठी लिहिणाऱ्या माणसाचा तो योग्य सन्मान होता. वगलेखक कथेची चौकट बांधतो. त्या चौकटीत रोज रात्री नवा जीव ओततो तो सोंगाड्या.

रंगमंचावर रोज नवं रचत घडलेले असे विनोदवीर जगातही आहेत. लंडनच्या रंगमंचांवर लहानपणापासून वाढलेला चार्ली चॅप्लिन फ्रेड कार्नोच्या मंडळीबरोबर 1910 साली अमेरिकेत गेला. पुढे कॅमेरा भेटला आणि त्याची प्रत्येक हालचाल जपली गेली. आपल्याकडे दादा कोंडक्यांचं तसंच झालं. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये त्यांनी हजरजबाबीपणावर प्रयोगामागून प्रयोग रंगवले आणि 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. त्यांच्या हशामागे फडावरच्या किती अनाम सोंगाड्यांची पुण्याई आहे, हे यात्रेत बसल्यावर उमजतं.

यात्रेबाहेर पाहिलं तर दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथली रीत संगीतबारीची : बैठक, लावणी, अदा, फर्माईश. ती कला मोठीच आहे. पण गावाच्या सुखदुःखाला उत्तर देणारी बतावणी ढोलकी-फडाच्या तमाशातच भेटते. आता यात्रेतही मंडळी लवकर गाण्यांकडे वळतात, वग आखडता घ्यावा लागतो आणि सोंगाड्याची वेळ सर्वांत आधी कापली जाते. याचं मला मनापासून दुःख आहे. रात्रभर उभा राहिलेला हा माणूस सकाळच्या हजेरीलाही तोंडाला रंग लावून हसतमुखाने उभा राहतो. त्याच्या वाट्याला अर्धा तास तरी यायला हवा.

यात्रेच्या पत्रिकेवर फडमालकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्याखाली सोंगाड्याचं नाव छापावं आणि ‘बतावणी लेखन’ असं त्याच्यापुढे स्वच्छ लिहावं. मोबाईल रोखून लावणी टिपणाऱ्या पोरांनी, त्याची परवानगी घेऊन, बतावणीही टिपावी. गाव आणि तारीख नोंदवून ठेवावी. मराठी विनोदाचा इतिहास लिहिणाऱ्याला उद्या त्या नोंदी उघडाव्याच लागतील.